घाबरू नका, गभरामण आहे

डहाणू,
रविवार, चिकू उतरवून झाल्यावर

ती. वासंतीमावशीस,

शैलेशचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (दोन्हींची वेगवेगळी चौकशी करतो. गेल्या पत्रात फक्त डाव्याची केली, तर उजव्याला वाईट वाटल्याचं तू फोनवर सांगितलंस.) नाशिकची हवा मानवली ना? इकडे सगळे मजेत. माझं ब्लडप्रेशरही मजेत असावं, पण ते अजून कुणी मोजलेलं नाही, आणि त्याचीच ही हकीकत.

मागच्या मंगळवारी ते मोजायला मी आपल्या सरकारी आरोग्य केंद्रात गेलो. तिथे डॉक्टरांच्या जागा तीन, त्यांतली भरलेली एक. त्या एका जागेवर हिंगोलीचे डॉ. प्रितम आहेत: वयाने माझ्या श्रुतिकेएवढे, चेहऱ्याने माझ्याएवढे. क्वार्टरचं छप्पर गळतं म्हणून ते लसींच्या फ्रीजशेजारी कॉट टाकून झोपतात. ("शेजार शांत आहे," असं ते मला म्हणाले. ही थट्टा की तक्रार, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.) गावात खोली शोधून ते थकले. रात्री-अपरात्री पेशंट दार ठोकतील म्हणून कुणी देत नाही. या महिन्यात खोली मिळाली नाही तर बदली मागणार, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. ते गेले की तिन्ही जागा एकसारख्या दिसतील.

तर रांगेत माझ्यापुढे जतीन रिक्षावाल्याची सासू होती, मंछाबेन. उंबरगावहून लेकीकडे आलेली. जतीन रिक्षा लावायला गेलेला. बाई छातीवर हात ठेवून गुजरातीत म्हणाली, "साहेब, बहु गभरामण थाय छे." डॉक्टर प्रेमाने म्हणाले, "आजी, घाबरायचं नाही. मी आहे ना?" बाई चिडली. "हूं गभराती नथी, गभरामण थाय छे!" डॉक्टरांनी तिचा खांदा थोपटला. "अजिबात घाबरायचं नाही!"

मावशी, आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल की गभरामण म्हणजे भीती नव्हे, छातीत कोंडल्यासारखं होऊन जीव कासावीस होणं. पण हिंगोलीला हे कोण सांगणार? मलाही बोलायला वेळच लागला. दुसऱ्याच्या तपासणीत नाक खुपसावं का, हा प्रश्न मी मनाशी सोडवत होतो. (नेमकी तेव्हाच मला सभ्यता आठवते.) शेवटी बाईच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि ओरडलो, "डॉक्टर, तिच्या छातीत कोंडतंय!" डॉक्टर खुर्चीतून असे उठले की खुर्चीच पडली. ईसीजीच्या मशीनला कागद नव्हता. पण योगिता सिस्टरने कपाटात उरलेला रोल लपवून ठेवला होता. वर्षभराच्या केशरासारखी ती तो पुरवते. कागद बघून डॉक्टरांनी गोळ्या चघळायला दिल्या, ॲम्ब्युलन्स मागवली आणि बाईला वलसाडला धाडलं. काल जतीन भेटला. सासू बरी आहे आणि तिथल्या जेवणाला नावं ठेवते, म्हणजे खरोखरच बरी आहे.

त्या दुपारी डॉक्टर ओट्यावर डोकं धरून बसले होते. "शैलेशभाऊ, मी तिला घरी पाठवणार होतो," म्हणाले. एका माणसाने एका सकाळी इतके जीव बघायचे आणि एकाही शब्दाला चुकायचं नाही, हे कसं जमावं? मी त्यांना तसं म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं. त्याऐवजी म्हणालो, "मी येत जातो सकाळचा, दुभाष्या म्हणून."

आणि माझी वाट लागली. दुसऱ्याच दिवशी तलासरीकडची बारकी नावाची वारली बाई आली. मला वारली बोली येत नाही, म्हणून मी हातवारे करत, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "पोट... दुखतं... का?" ती सिस्टरकडे वळून स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाई, आधी या दादाला तपासा. याला बोलायला त्रास होतो." डॉक्टर त्या महिन्यात पहिल्यांदा हसले. तेवढा तरी माझा उपयोग झाला. बीपी मात्र राहिलंच. मला आता तिथे कुणी पेशंट धरत नाही.

शैलेशभाऊंना नमस्कार सांग असं लिहिणार होतो, मग लक्षात आलं की तो मीच. (इतका दमलोय.) तुझ्या मुलाला नमस्कार.

तुझा,
शैलेश

ता. क. : केंद्राच्या मागच्या बाजूचं तुझं घर बंदच असतं. आधीच्या भाडेकरूने न्हाणीघरात कोंबड्या पाळल्यापासून तू भाडेकरूचं नाव काढू देत नाहीस, हे मी जाणतो. डॉ. प्रितम कोंबड्या पाळत नाहीत. मी विचारून घेतलंय. वरची खोली त्यांना द्यावीस, ही कळकळीची विनंती. नीट विचार करून, सावकाश कळव.

ता. क. दुसरा : फार सावकाश नको. शेजारच्या हिरकणीकाकूंकडे तुझ्या घराची किल्ली होती आणि त्यांना माझ्यासारखं विचार करायचं व्यसन नाही. डॉक्टर गुरुवारीच राहायला आले. लिहून ठेवलेला बदलीचा अर्ज त्यांनी काकूंच्या चुलीत घातला. हे पत्राच्या सुरुवातीला लिहायला हवं होतं का, याचा विचार मी करतोय.

ता. क. तिसरा : दिवाळीला येशील तेव्हा खालचं घर तुझंच. फक्त सकाळी दार जपून उघड. ओटीवर लोक बसलेले असतात. तुला बघून कुणी एकदम जीभ बाहेर काढून दाखवली तर रागावू नकोस. आजारी माणूस आहे, घसा बघ आणि वर डॉक्टरांकडे पाठव.