तू न केलेला सव्वा महिना

माय,

तू जिवंत होतीस तेव्हाही तुला पत्र टाकायची सोय नव्हती. तुला अक्षर येत नव्हतं. पत्र आलं की दादा ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचा, आणि मला जे लिहायचं होतं ते दादाच्या तोंडून तुझ्या कानावर पडणं म्हणजे आपल्या दोघींचीही फजिती. आता तू जाऊन इतकी वर्षं झाली की मध्ये वाचून दाखवणारा कुणी उरला नाही. 'दोघींची' हे मी मुद्दाम लिहिलं आहे. तुला खटकेल, खटकू दे. तू गिरडची टेकडी चढून दर्ग्यात दुसरा मुलगा मागितलास, मागणं पुरं झालं म्हणून गावभर साखर वाटलीस, आणि त्या साखरेत तुझ्या घरी आले ती मी. यात दर्ग्यातल्या बाबांचा दोष नाही आणि माझाही नाही. तू मात्र दुकानदारानं भलताच माल गळ्यात मारावा तशी जन्मभर वागलीस, आणि त्याचा जाब बाबांना नाही, मला विचारत राहिलीस.

ताई पहिल्या बाळंतपणाला आली ते दिवस मला अजून वासासकट आठवतात. मी तेव्हा अकरावीत, एसटीनं समुद्रपूरला कॉलेजात जात होते. बाळंतीण सांभाळावी तर तू, असं आजूबाजूच्या चार गावांतल्या बायका म्हणायच्या, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. मधल्या खोलीत खाट, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर तू चिमूट चिमूट ओवा टाकतेस, खोली धुरानं भरते, ताई कानाला फडकं बांधून डोळे मिटून पडली आहे. डिंक तळायचा, खोबरं भाजायचं, मेथी दळायची. आणि पाणी तोडायचं. ओल्या अंगाला पाणी चालत नाही म्हणून दिवसभरात उकळलेल्या पाण्याचे चार घोट, बस. ताई तहानेनं रडायची आणि तू तिच्या पाठीवरून हात फिरवत नाही म्हणायचीस. बाकी सगळे वांग्याच्या वावरात असायचे, म्हणून हाताखाली मी. गोवऱ्या आणल्या, डिंक कुटला, लंगोट वाळत घातले. कुणी शिकवलं नाही, पण मी सगळं शिकले. आणि खरं सांगते, मला ताईचा हेवा वाटायचा. बाळाचा नाही. हिच्या अंगाला काहीतरी झालं आहे, हिनं आता नुसतं पडून राहावं, असं सगळं घर एका माणसाला सांगत होतं, त्याचा.

एका सकाळी ताईला तू न्हाणीत नेलंस. खाट रिकामी होती, खालचे निखारे अजून फुललेले. मी तिचं फडकं उचललं, कानावरून बांधलं आणि खाटेवर आडवी झाले. पाठीला खालून ऊब लागत होती. किती वेळ पडले होते कोण जाणे, डोळे उघडले तर तू दारात उभी. तू मला मारलं असतंस तर मी ते कधीच विसरले असते. तू आत आलीस, वाकलीस, शेगडी बाहेर ओढलीस आणि हातातल्या तांब्यातलं पाणी निखाऱ्यांवर ओतलंस. राख उडून दोघींच्याही तोंडावर बसली. मग तू सावकाश म्हणालीस, "ऊठ तिथून. ते जागा बायकायची आहे." ताईसाठी शेगडी पुन्हा पेटवावी लागली आणि त्याच्या गोवऱ्या मीच आणल्या.

घर सुटलं ते बारावीनंतर. मी नागपूरला एका कापडाच्या दुकानात राहिले, मग वर्ध्याला आमच्या लोकांत, गाव ज्यांना हिजडे म्हणतं त्यांच्यात. ते सगळं सांगत बसत नाही, तुला त्यातलं काही ऐकायचंच नव्हतं. ऑपरेशन झालं तेव्हा मी पंचविशी ओलांडली होती. दूरच्या शहरातल्या डॉक्टरनं केलं, थोडे दिवस ठेवून घेतलं आणि घरी जा म्हणाला. घर म्हणजे वर्ध्यातल्या दोन खोल्या, आमची गुरू आणि आम्ही चौघीजणी. आमच्यातही ऑपरेशननंतर सव्वा महिना पाळतात, तुझ्यासारखाच. आरशात बघायचं नाही, बाहेर पडायचं नाही, कुणी ना कुणी उशाशी बसायचं. पहिल्याच आठवड्यात मी हट्ट धरला आणि दोघींच्या खांद्यावर हात टाकून कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानात गेले. आपल्या गावात फोन तेव्हा किराणा दुकानातच होता. दुकानदारानं कुणाला तरी तुझ्याकडे पिटाळलं, मी परत फोन लावला आणि तू आलीस. काय झालं ते मी कमीत कमी शब्दांत सांगितलं. म्हटलं, तू सव्वा महिना ये, फक्त सव्वा महिना, मग मी तुझ्याजवळ कधी काही मागणार नाही. तू ते सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "तुले का लेकरू झालं, शेकाले?" आणि फोन ठेवलास.

दुकानात माणसं असतील, त्यांच्यासमोर तू दुसरं काय बोलणार, असं मी नंतर बरीच वर्षं धरून चालले. आता धरत नाही. दुकानातून घरी जाताना रस्त्यात तू एकटीच होतीस. वर्ध्याची बस गावावरून रोज जात होती.

तू आली नाहीस, तर मी तुझी अक्कल लढवली. म्हटलं, माय नसली म्हणून काय झालं, मायचं सगळं मला येतं. आणि मी माझं पाणी तोडलं. गुरू तांब्या भरून उशाशी ठेवायची, पी म्हणायची, मी हो म्हणायचे आणि ती वळली की मोरीत ओतायचे. ओठ फुटले, जीभ टाळूला चिकटली, तरी मला वाटत होतं की मी फार शहाणपणानं वागते आहे. ताई तशी रडली होती आणि ताई बरी झाली होती. मग लघवीला आग सुरू झाली, मग ती थेंबथेंब होऊ लागली, मग ताप चढला. गुरूनं रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रस्त्यातला एकेक खड्डा मला अजून पाठ आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. जखम ताजी, आत नळी होती, अशा वेळी पाणी भरपूर लागतं, पाणी बंद करायला कुणी सांगितलं? मी म्हटलं, आईनं. त्या म्हणाल्या, आईला घेऊन या, मी बोलते त्यांच्याशी. मी म्हटलं, ती वावरात गेली आहे, वांगी तोडायला. बाहेर बाकावर बसल्यावर गुरूनं माझं तोंड हातात धरलं आणि विचारलं, "आली का तुही माय इथं? नाई ना? मंग तिचं काऊन ऐकून राह्यली?" त्यानंतरचे कितीतरी दिवस तिनं स्वतःच्या हातानं मला पाणी पाजलं, लहान पोराला पाजतात तसं, घोटाघोटाला समोर बसून. माझं मलमूत्र तिनं काढलं, पट्ट्या बदलल्या, कारण नसताना मी रडायचे तेव्हा कारण विचारलं नाही. सव्वा महिन्याच्या शेवटी हळद लावून न्हाऊ घातलं आणि हिरवं लुगडं नेसवलं. ते माहेरचं असतं. माझ्यासाठी तिनंच विकत आणलं.

तेच लुगडं नेसून मी बाजाराच्या दिवशी समुद्रपूरला आले, हे तुला ठाऊक आहे. तू ठाऊक नसल्यासारखं केलंस. तुझं भाजीचं पाल नेहमीच्या जागी, पुढे वांगी, मिरच्या आणि सांबाराच्या जुड्या, ज्याला बाहेरचे लोक कोथिंबीर म्हणतात. मी येऊन समोर उभी राहिले. तू मान वर केलीस, माझ्याकडे नीट पाहिलंस आणि म्हणालीस, "काय देऊ बाई?" जन्मात एकदाच तू मला बाई म्हणालीस आणि तेही गिऱ्हाईक म्हणून. मी वांगी मागितली. तू तोललीस, काटा अगदी सरळ ठेवलास, पिशवीत टाकलीस. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीला तू वरून मूठभर सांबार दिलास, तिच्यानंतर आलेल्या पोरीला दिलास. आपल्या पालावर आलेल्या कुणालाही तू तो दिल्याशिवाय सोडत नव्हतीस. मला दिला नाहीस. म्हणून मला कळलं की तू ओळखलंस.

पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस. तेरवी झाल्यावर ताईनं फोन केला. दादा म्हणाला होता की शर्टपँट घालून येणार असेल तर कळवा, म्हणून तिनं कळवलंच नाही. त्यात तिची चूक नाही. मी आले नसते, आणि आले असते तर शर्टपँट घालून नक्कीच नाही. त्या दिवशी मी रडले नाही, भांडी घासली.

आता आम्ही वर्ध्यात दर रविवारी दुपारी बसतो. एका संस्थेनं खोली दिली आहे, सतरंजी आहे, चहा मिळतो. ज्यांचं ऑपरेशन झालं आहे त्या आणि ज्यांचं व्हायचं आहे त्या, सगळ्या येतात. कुणी सांगते की पहिल्यांदा साध्या खुर्चीवर बसता आलं तेव्हा ती अर्धा तास उठलीच नाही. कुणी सांगते की महिनाभरानं उगाचच रडू येतं, घाबरू नका, ते जातं. एकीनं सांगितलं की तिला पस्तावा झाला आणि मग पस्तावाही ओसरला. हसतात फार. मी पाण्याचं सांगते. इतक्यांदा सांगितलं आहे की पोरी मला पाणीवाली मावशी म्हणतात. पण सांगताना मी 'आमच्याकडे तसा समज होता' एवढंच म्हणते. तुझं नाव मी कधी घेतलं नाही.

गेल्या रविवारी हिंगणघाटकडची एक पोरगी आली. पुढच्या महिन्यात तिचं ऑपरेशन. सोबत तिची आई. साधी बाई, भाजीच विकते. सतरंजीच्या मधोमध बसली आणि विचारत सुटली. कुशीवर झोपवायचं का, लाडवात मेथी चालते का, हिला तिखटाची सवय आहे तर काय करू, मी धंदा किती दिवस बंद ठेवू. पोरगी लाजत होती आणि आई तिच्या मांडीवर हात ठेवून विचारत होती. मी सगळ्याची उत्तरं दिली, बरोबर दिली, पण तुटक दिली. मला त्या बाईचा राग आला होता, माय. तिनं माझं काय वाईट केलं होतं? तरी तिच्याकडे बघवत नव्हतं. मग तिनं मलाच विचारलं, "तुमच्याजवळ कोण होतं हो? माय होती का?"

मी हो म्हटलं. वर हेही म्हटलं की सव्वा महिना होती, सगळं तिनंच केलं. ती बाई बरं वाटल्यासारखी हसली आणि म्हणाली, मायशिवाय कोण करते.

आमची गुरू भिंतीला टेकून समोरच बसली होती. आता ती थकली आहे, फार बोलत नाही. तिनं ते सगळं ऐकलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चहाचे कप गोळा करायला लागली. तुझी लाज राखली असं मी येताना रिक्षात मनाला सांगत होते. पण तुझी कसली, मी माझीच राखली. त्या आईसमोर मला बिनमायची व्हायचं नव्हतं, आणि त्यासाठी जिनं केलं तिचं मी तिच्या देखत तुझ्या पदरात टाकलं. आज चार ओळी लिहून तिची माफी मागावी म्हणून कागद घेऊन बसले. तिला वाचता येतं. आणि बघ, एवढं सगळं लिहून झालं ते पुन्हा तुलाच.