नांदेडातल्या नऊ रात्री

नांदेड,
३ नोव्हेंबर २०२५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, घरी सगळे ठीक. फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता आणि मागून वहिनीला विचारता की ही काय म्हणाली. कागद दिला की तीनदा वाचता, म्हणून कागद. शिवाय हे यांच्या कानावर इतक्यात जायला नको.

येत्या बारा डिसेंबरला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. यांची पंचवीसही वर्षं डाळमिलच्या मशिनी विकत हिंडण्यात गेली. आज हुबळी, उद्या सोलापूर. मुक्काम हॉटेलात, आणि त्या मुक्कामांचे म्हणे पॉइंट मिळतात. ते साठले की फुकट रात्री मिळतात. 'पांथिक' आणि 'सारस' अशा दोन कंपन्यांचे हे सभासद आहेत. दहा वर्षं मला सांगून राहिलेत की साठू दे, मग तुला म्हैसूरला नेतो. मी अजून एकदाही हॉटेलात राहिलेली नाही. हॉटेल मला फक्त साबणावरून माहीत. प्रत्येक दौऱ्याहून हे न वापरलेल्या छोट्या वड्या आणतात, मी वेष्टनावर गावाचं नाव लिहून कपाटात लावते. सोळा गावं झाली.

आता म्हैसूरचं नाव काढलं की हे बघू म्हणतात. हे बघू मला बरं वाटत नाही. मला वाटतं, कोणत्या कंपनीचे पॉइंट वापरावेत तेच यांना उमगेना. म्हणून पोरीकडून, स्वप्नालीकडून दोन्हींचे नियम आणि या वर्षीच्या मुक्कामांची यादी छापून घेतली. शिल्लक किती ते पान उघडलं नाही, त्याला यांच्या फोनवर आकडा येतो. सोबत सगळं पाठवते. तुम्ही आयुष्यभर पोरांना संस्कृत शिकवलंत, हे त्याहून अवघड नसावं. कोणती कंपनी बरी, तेवढं सांगा.

मला एकदा अशा खोलीत झोपायचं आहे जिथलं अंथरूण दुसऱ्या कुणीतरी घातलेलं असेल.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, पत्रातूनही दिसू द्या.

आपली,
शिवकन्या

—

लातूर,
८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. शिवकन्या हिस,
अ. उ. आ.

कागद पोचले. तीनदा नव्हे, पाच वेळा वाचले. एका ओळीचं सूत्र आणि त्यावर अकरा ओळींची टीप ही आपल्याकडची जुनी रीत. शाळांनी ती सोडली, हॉटेलवाल्यांनी जपली, याचं समाधान वाटलं.

तर ऐक. 'सारस' उदार दिसते. एका रात्रीला पॉइंट दुप्पट देते, बायकोमुलांनाही फुकट रात्र देते. पण हे सगळं पुण्य एकतीस डिसेंबरला संपतं, आणि डिसेंबरात खोली हवी तर दुप्पट पॉइंट मागते. स्वर्ग आहे, पण सुट्टीच्या दिवशी बंद. 'पांथिक' कंजूस. थोडं देते, पण दिलेलं परत घेत नाही. अट एकच, फुकट रात्र घ्यायची तर सभासदाने जातीने, आधारकार्ड घेऊन काउंटरवर उभं राहावं. दाजी त्यांच्याकडे 'सुवर्ण' पायरीवर आहेत, म्हणून इतरांना दुपारी मिळणारी खोली त्यांना सकाळी आठला मिळते. मी बत्तीस वर्षं शिकवून अजून पितळेवर आहे, पण ते असो. माझं मत 'पांथिक'.

मात्र दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर एक तारीख जुळेना. छपाईची चूक असेल. खात्री करून कळवतो. तोवर म्हैसूरचा विषय घरात काढू नकोस आणि कागद कुणाला दाखवू नकोस. विशेष काही नाही. तुझी वहिनी म्हणते, मी विशेष काही नाही म्हटलं की तिला धडकी भरते. तिचं ऐकू नकोस.

आशीर्वाद तुझ्या नावावर जमा आहेतच.

तुझा,
दादा

—

लातूर,
८ नोव्हेंबर २०२५

श्री. रा. रा. ईश्वरप्पा यांस,
सा. न. वि. वि.

पाकिटावर खाजगी असं लिहिलं आहे, ते तसंच समजावं.

दाजी, शास्त्रात देवदत्त नावाचा एक गृहस्थ आहे. तो जिवंत आहे आणि घरी नाही, एवढं कळलं की तो बाहेर आहे हे न बघता सिद्ध होतं. तुमच्या बाबतीत हा देवदत्त मला दोन दिवस झोपू देईना.

'सारस'च्या यादीप्रमाणे पंधरा ऑक्टोबरच्या रात्री तुम्ही हुबळीला होता. घरीही तुम्ही तेच सांगितलं होतं. 'पांथिक'च्या यादीप्रमाणे त्याच रात्री तुम्ही नांदेडच्या हॉटेलात होता. चौदा, पंधरा, सोळा. मग वीसपासून तीन रात्री, मग सत्तावीसपासून तीन. एकूण नऊ. ज्या गावात स्वतःचं घर आहे, घरात बायको आहे, त्या गावात माणूस नऊ रात्री हॉटेलात का राहतो? हुबळीची खोली नुसती दाखवायला घेतली होती काय? आणि सोळा गावांचे साबण घरी आले, नांदेडचा एकही का आला नाही?

मी न्यायाधीश नाही, शिवकन्येचा भाऊ आहे. ते जास्त वाईट. तिला मी अजून काही कळवलेलं नाही. तुमचं उत्तर आलं की मग ठरवीन.

कळावे. आजवरचा लोभ तूर्त जागच्या जागी आहे.

आपला,
मृत्युंजय

—

नांदेड,
१३ नोव्हेंबर २०२५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

बाईच्या हातात पडणाऱ्या पाकिटावर खाजगी लिहिण्याइतके भोळे तुम्हीच. हे सोळा तारखेपर्यंत बिदरला आहेत. पाकीट मी उघडलं.

देवदत्त मला कळला. काल शाळेतून अर्धी रजा काढून मी त्या हॉटेलात गेले. रिक्षावाल्याने नाव ऐकून काही विचारलं नाही, तरी मला वाटलं त्याने विचारलं. दवाखान्याच्या चौकाजवळ आहे ते, आपल्या घरापासून आठ किलोमीटर. काउंटरवर एक पोरगी होती, आपल्या स्वप्नालीच्या वयाची. मी यांचं नाव सांगून त्यांच्या घरची आहे म्हटलं. तिने पाहुण्यांची माहिती देता येत नाही म्हणून सांगितलं, अगदी नम्रपणे. मी परत फिरले. तेवढ्यात तिनेच मागून हाक मारून विचारलं, साहेबांच्या खोलीत ज्या मॅडम होत्या त्यांची मी बहीण का, आणि त्यांना आता कितवा महिना लागला. फार अवघडून चालायच्या म्हणे.

सवयीने दाराशी काढलेली चप्पल बाहेर आल्यावर उलटी घातली आहे हे अर्ध्या रस्त्यात कळलं.

यांना फोन केलेला नाही. फोनवर माणूस आधी खोकतो आणि मग खोटं बोलतो, मला यांचं तोंड बघायचं आहे. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. स्वप्नालीला सांगितलं की वहिनीची तब्येत बरी नाही. एकवीसला तिला बघायला उदगीरचे पाहुणे येणार होते, त्यांना काय सांगायचं ते मला सुचत नाही. सोळाला बोलणं झालं की मी लातूरला येते. वरच्या खोलीतली पुस्तकं हलवायला लागतील.

तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. यापुढे माया दाखवायची तर माझ्याकडे तोंड करून दाखवा.

शिवकन्या

—

नांदेड,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मला तिसऱ्या हाताने मिळालं. दारात बॅग, बॅगेवर तुमचं पत्र. मला तुमच्यासारखं लिहिता येत न्हाई, जसं झालं तसं सांगतो.

खाजा तुम्हाला आठवत असेल. चौदा वर्षं आमच्या कंपनीची गाडी चालवायचा. किनवटला मला कावीळ झाली तेव्हा आठ दिवस उशाशी बसून ज्यानं पेज पाजली, तोच. गुडघे गेल्यावर हिमायतनगरला पंक्चरचं दुकान टाकलं. ऑक्टोबरात त्याची पोरगी मुबश्शिरा गच्चीवरून पडली, मांडीचं हाड दोन जागी मोडलं. इथं दवाखान्यात आणली. मी भेटायला गेलो तर त्याची बायको जाहिदा वऱ्हांड्यात फरशीवर झोपलेली. तिला सहावा महिना.

घरी चला म्हणालो. खाजा न्हाई म्हणाला. साहेबांच्या घरी रिकाम्या हातानं आणि असल्या कपड्यांत येणार न्हाई, म्हणाला. पैसे काढले तर उठून गेला. मग मी थाप मारली. कंपनी मला हॉटेलच्या खोल्या देते, न वापरता वाया जातात, जाहिदाला पाठव. तेवढं त्यानं ऐकलं.

पॉइंटच्या रात्री सभासदाला स्वतःच जाऊन घ्याव्या लागतात. मी दौऱ्यावर निघायच्या सकाळी आठला जायचो, सही करायचो, चावी जाहिदाला द्यायचो आणि गाडी धरायचो. तीनदा गेलो. म्हणजे हुबळीही खरं आणि नांदेडही खरं. तुम्ही बघितलेल्या कागदावर नुसते मुक्काम असतात, पॉइंट कुठं खर्चले ते दुसऱ्या पानावर असतं.

ते पॉइंट म्हैसूरचे होते, हा गुन्हा कबूल. कोणत्या तोंडानं सांगायचं म्हणून बघू बघू करून राहिलो.

शिवकन्येनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, खाजाला बोलवा, त्याच्या तोंडून ऐकते. मी न्हाई म्हणालो. दादा, खाजाला बोलावलं की त्याला कळणार की कंपनी वगैरे काही नव्हतं, त्याच्या बायकोनं दुसऱ्या बाईच्या वाटणीच्या रात्री झोपून काढल्या. तो त्याच दिवशी दुकानातला पंप विकून रक्कम आणून ठेवील आणि पुन्हा या घराची पायरी चढणार न्हाई. रविवारपर्यंत खाजा आला न्हाई तर ती तुमच्याकडे येणार आहे. पाहुण्यांना आम्ही पुढली तारीख कळवली. घरात तीन माणसं आणि बोलतो फक्त कुकर.

तुम्हाला खरं वाटलं न्हाई तरी चालेल. पण हिमायतनगरला जाऊ नका, एवढा शब्द द्या. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, तुम्ही पुरावा बघायला जाल.

राग ठेवा, फक्त दार लावू नका.

आपला,
ईश्वरप्पा

—

लातूर,
२० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. शिवकन्या हिस,
अ. उ. आ.

तुमच्या दाराशी बॅग असताना मी इथे पुस्तकं हलवून खोली मोकळी केली आहे. ती तुझी आहे, कधीही ये.

पण एक लिहितो. आमच्या वर्गात देवदत्त घरी नाही म्हटलं की बाहेर आहे एवढंच सिद्ध होतं. तो बाहेर काय करतो याबद्दल शास्त्र गप्प आहे. ते मी आपल्या मनाने भरलं, आणि वर नम्रतेचा आव आणला. दाजी सांगतात ते खरं की खोटं, मला ठाऊक नाही. काल हिमायतनगरची बस धरायला मी स्टँडवर जाऊन उभा राहिलो होतो. बस लागली, भरली, गेली. मी चढलो नाही. का ते तुला नीट सांगता येत नाही. एखाद्याला लाजवून मिळालेलं खरं घरी आणून ठेवायचं कुठे, असं काहीसं.

तू ठरवशील ते मला मान्य. माझा लोभ 'पांथिक'च्या जातीचा समज, थोडा पण न संपणारा.

तुझा,
दादा

—

नांदेड,
२५ नोव्हेंबर २०२५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

मी आले नाही हे तुम्ही पाहतच आहात. पुस्तकं परत वर लावा.

रविवारी सकाळी मी बॅग घेऊन पायऱ्या उतरत होते. हे मागे उभे, अडवलंही नाही. फाटकाशी रिक्षा थांबली. मला वाटलं स्वप्नालीने माझ्यासाठी बोलावली. तिच्यातून एक बाई उतरली, बुरख्यात, पोट पुढे, एका हाताने कंबर धरलेली. मागे कुबडीवर एक बारातेरा वर्षांची पोर. आम्ही एकमेकींकडे बघितलं. मी कोण ते तिला लगेच कळलं. ती कोण ते मलाही कळलं.

पोरीच्या पायाची तपासणी होती, डॉक्टरांनी आता महिन्याने या म्हणून सांगितलं होतं. गावी जाण्याआधी भेटायला आली. तिने माझ्या हातातली बॅग पाहून विचारलं, भाभी गावाला निघाल्या का, अडवलं तर नाही ना. मी म्हटलं, नाही, आताच आले.

चहा घेतला. मग तिने पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्यापुढे ठेवली. त्यात नऊ साबण होते, वेष्टन न फोडलेले. घरून आणलेल्या साबणावर भागवलं म्हणाली. खोली कंपनीची, आतल्या वस्तू कंपनीच्या. उद्या साहेबांना कुणी जाब विचारला तर? म्हणून रोजचा एक जपून ठेवला. पलंगावरही दोन दिवस झोपली नाही, खाली चादर टाकून पडली. तिसऱ्या दिवशी साफ करायला आलेल्या बाईने रागावून वर झोपवलं.

हे दारात उभे होते. यांचा चेहरा मी पंचवीस वर्षांत असा पाहिला नव्हता. एक शब्द माझ्या तोंडून गेला असता तर सगळं उघडं पडलं असतं, आणि खरं सांगते दादा, तो शब्द जिभेवर होता. माझ्या घरात एक खोली तुम्हाला जड झाली होती का, असं मला जाहिदाला विचारायचं होतं.

मी साबण मोजून घेतले. म्हटलं, बरोबर नऊ आहेत, साहेब सोमवारी कंपनीत जमा करतील. आणि कंपनीचा नियम आहे, बाळंतपणालाही खोली मिळते, पण ती साहेबांच्या घरची. तेव्हा दिवस भरले की इकडेच यायचं. जाहिदाने यांच्याकडे पाहिलं. यांनी मान हलवली. कंपनीचे असे नियम आहेत खरे, म्हणाले. आवाज फाटला होता, खोकून सावरला.

त्या गेल्यावर मी बॅग सोडली आणि यांच्याशी भांडले. कडकडून भांडले, स्वप्नाली क्लासला निघून गेली. खोली दिली म्हणून नाही. मला सांगितलं असतं तर मी डबा दिला असता, म्हणून.

पॉइंट पाहिले. म्हैसूरला पुरत नाहीत. नांदेडच्या हॉटेलात एक रात्र बसते, तेवढेच उरलेत. बारा डिसेंबरला आम्ही आठ किलोमीटरचा प्रवास करून तिथे जाणार आहोत. हे सकाळी आठला सही करतील, सुवर्ण पायरी म्हणे. नऊ साबणांवर मी नांदेड लिहून कपाटात लावले. दहावा तुम्हाला पाठवीन. पाकिटावर खाजगी लिहिणार नाही.

काउंटरवरची ती पोरगी असेल. परत विचारलं तर सांगणार आहे, हाव, मी त्यांची बहीणच. आठवा लागलाय.

माया अशीच राहू द्या, चौकशी जरा कमी करा.

आपली,
शिवकन्या