टाकीची खोली

३ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या नव्या घराचा नकाशा पोचला. हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा, तेच कळेना. चार खोल्यांचं घर, राहणार तुम्ही नवरा-बायको आणि आई, आणि गारव्यासाठी थंड पाण्याचं यंत्र! निवृत्त झालास तरी इस्पितळ घरी आणायचंय का? साधं यंत्र गारवा देणारा गॅस नळीतून थेट खोलीत नेतं, तिथली हवा गार करतं, संपलं. तुझं यंत्र आधी पाणी गार करणार, पंप ते घरभर ढकलणार, मग त्या पाण्याने हवा गार होणार. पंचवीस वर्षं मी एसी दुरुस्त करतेय, पण घरासाठी असली हौस पाहिली नाही.

शिवाय त्या पाण्याच्या टाकीला आणि पंपांना स्वयंपाकघराशेजारची खोली दिलीस. ती आईची ठरली होती ना? तिला धाडतोयस माडीवर, अठरा पायऱ्या. तिचे गुडघे कधी पाहिलेस का? उत्तर पाठव, नुसती खुशाली नको.

माझा लोभ आहेच, अक्कल तेवढी तुझी तू वाढव.

तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाना-पक्कड हातात घेऊनच लिहायला बसली होतीस वाटतं. इस्पितळाचं यंत्रघर मी बावीस वर्षं सांभाळलं, एकदाही बंद पडू दिलं नाही. मला थंड पाणी शिकवू नकोस. गळती झालीच तर खोलीत पाणी सांडेल, गॅस नाही. तुझ्या पद्धतीत भिंतीला बाहेरून खोकी टांगायची. त्यातलं एक आईच्याच खिडकीखाली दिवसभर गरम हवा सोडत घरघरणार. हा तुझा जिव्हाळा?

आईला मी विचारलं होतं. ती म्हणाली, मला कुठेही चालेल. खरं सांगू? निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारत नाही. एखादं यंत्र तरी माझ्या हाताखाली असावं असं वाटतं. हसायचं तर हस. टाकी पुढच्या शुक्रवारी येतेय.

रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

तुझा धाकटा

१८ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

हसले नाही. पण आईच्या ‘कुठेही चालेल’वर विसंबणारा शहाणा तू एकटाच. उरलंसुरलं ताटात वाढून घेतानाही ती जन्मभर हेच म्हणत आली. टाकी आली तशी परत पाठव. तुझ्या हट्टापायी आई माडीवर अडकून पडणार असेल, तर मी तिला सरळ इकडे घेऊन येते. माझ्या दोन्ही खोल्यांत गॅसचीच यंत्रं आहेत, आणि दोन्ही तळमजल्यावर.

अजूनही तुझीच,
ताई

२७ मार्च

चि. ताई आणि चि. धाकटा, दोघांना आईचे आशीर्वाद.

एकच पत्र दोनदा लिहिलंय, म्हणजे कोणाला जास्त मिळालं यावरून भांडण नको. सूनबाईने ताईची पत्रं वाचून दाखवली, धाकट्याने आपलं उत्तर स्वतः ऐकवलं. शाबास! एकाचा बावीस वर्षांचा अनुभव, एकीचा पंचवीस, आणि दोघांत मिळून खोलीत राहणारं माणूस कोणाला दिसेना. धाकट्याने विचारलं, पण सोयीचं तेवढंच ऐकलं. ताईने तर विचारलंही नाही, दुरुस्तीला आलेल्या यंत्रासारखं मला उचलून न्यायचं ठरवलं.

शुक्रवारी टेम्पो आला तेव्हा मी त्या खोलीत खुर्ची टाकून बसले होते. हमालांनी अदबीने उठायला सांगितलं, मी नाही म्हटलं. धाकटा गवंड्याकडे बघत राहिला आणि गवंडी छताकडे. शेवटी टाकी अंगणात उतरवली. धाकट्या, ती गच्चीवर चढव, नाहीतर विकून टाक. थंड पाणी की गॅस, ते तुम्ही भांडून ठरवा. मला पंखा पुरतो.

कुठेही चालेल म्हणाले, ते खोटं बोलले. सगळे अंगणात गेल्यावर मी त्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत भिंत धरून एकटी जाऊन पाहिलं. अकरा पावलं झाली. कोणाला हाक न मारता जमेल असं माझ्याकडे आता तेवढंच उरलंय, आणि ते मी टाकीला देणार नाही.

दोघांवरही माया आहे, भांडलात तरी.

आई