गंधकाचा धूर आणि चंद्रिकाची साडी

जुळे सोलापूर,
मंगळवार

तीर्थस्वरूप शिवलीलाअक्का यांस मल्लिनाथचे शरणु शरणार्थी.

तुमचा गुडघा कसा आहे? उगाच जिना चढू नका. मी बरा आहे. भाकरी अजून गोल होत नाही, पण खाता येते. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

तुमच्या आरोहीच्या लग्नात मावशीची आठवण म्हणून चंद्रिकाची डाळिंबी रेशमी साडी तिच्या अंगावर असावी, असं तुम्ही म्हणालात. (मूळ तुमच्या आईची, झाडपाल्यापासून केलेल्या रंगात रंगवलेली.) चंद्रिका गेल्यापासून पाच महिने मी ते कपाट उघडलं नव्हतं. उघडलं तर आत कसर लागलेली. साडी शाबूत होती. ती मी रिठ्याच्या पाण्यात धुतली आणि खोलीतच दोरीवर टाकली, कारण रेशीम उन्हात घालायचं नाही हा तिचा नियम. (ती असताना मी तो एकदाही पाळला नाही.) मग कसरीचा बंदोबस्त म्हणून तिथेच लोखंडी पळीत गंधक पेटवलं आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं.

अक्का, तीस वर्षं मी नववीला हेच शिकवलं. गंधक जळताना हवेतला ऑक्सिजन घेतं, सल्फर डायऑक्साइड तयार होतो. तो पाण्यात विरघळला की सल्फ्युरस आम्ल. कोरड्या कापडाला तो फारसं काही करत नाही, ओल्याचा मात्र रंग उडवतो. ‘ओल्या’ हा शब्द विसरणाऱ्या मुलांचा मी अर्धा गुण कापत असे. (चंद्रिका एकदा म्हणाली होती, अर्ध्या गुणानं काय होतंय वो? मी तिला शास्त्र समजावत बसलो.)

खालचे संगप्पा खोकत वर आले. “मास्तर, काय जाळलाय की वो? आमच्या म्हातारीला वाटलं, फटाक्याचं दुकानच पेटलं!” दार उघडलं. डोळ्यांत पाणी आलं, ते धुरानंच. साडी पांढुरकी झाली होती. चंद्रिकाच्या फोटोवरचा जास्वंदीचा हारही. संगप्पा म्हणाले, “हार तर झ्याक दिसतोय.” माणूस बरा आहे.

साडीची घडी घालताना ती दुसरं टोक धरायला मला हाक मारायची. मी पेपर तपासता तपासता ‘आलो’ म्हणायचो. जाईपर्यंत तिची घडी झालेली असायची. आता मला एकट्याला ती जमत नाही.

तुमच्या आईची वस्तू मी घालवली. क्षमा करा. आरोहीला काय सांगावं ते कळवा.

तुमचा,
मल्लिनाथ

ता.क. पत्र टाकायचं राहून गेलं. गंधकाचा हा वायू रंगातला ऑक्सिजन काढून घेतो आणि हवा तो हळूहळू परत देते, हेही मी शिकवत असे. (परीक्षेला कधी विचारलं नाही.) साडी गॅलरीत सावलीला टांगली होती. आज बाराव्या दिवशी जवळजवळ पहिल्यासारखी डाळिंबी झाली आहे.

ता.क. २. वरचं फक्त तुमच्यासाठी. आरोहीला मी नवी साडी घेतो, तिच्या पसंतीची. जुनी धुरात गेली, एवढंच तिला सांगाल का?