पिकअपच्या मागची निळी अक्षरं

कायझर्सलाउटर्न, जर्मनी

केतन, जय भीम.

मी मजेत आहे, आईला तसंच सांग. तिचे गुडघे कसे आहेत?

इथल्या लष्करी तळावरून मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन सैनिकाची जुनी पिकअप बघून आलो. इंजिन दणकट आहे, घर बदलताना सगळं सामान एका खेपेत जाईल. पण पेट्रोल फार पिते आणि आमच्या पार्कप्लाट्झमध्ये, म्हणजे गाडी लावायच्या जागेत, मावत नाही. तुझी वहिनी उत्कर्षा म्हणते, सायकली आहेत की.

बाबा गेल्यावर तू त्यांची पिकअप विकलीस. मागे त्यांनी निळ्या रंगात 'जय भीम' लिहून घेतलं होतं. गिऱ्हाईक म्हणालं म्हणून तू ते स्वतः खरवडलंस. मला शेजाऱ्यांकडून कळलं.

ही घेतली, तर मागे तेच लिहीन. इथे ते खरवडायला कुणी सांगणार नाही. इथे ते कुणाला वाचताच येत नाही.

तुझा थोरला,
उज्ज्वल