सबवूफर घुमतो तेव्हा

पालम. मंगळवार, संध्याकाळ

नवा सबवूफर आज जोडला. रिसीव्हरच्या मागं वायर खोचली, थ्री-पिन बोर्डात लावली. गाणं लावायच्या आधीच घूंऽऽ. वायर बदलली, तरी घूं. पंखा लावला की वाढायचा. रिसीव्हरच्या पत्र्याला हात लागला तर मुंग्या आल्या. दुकानदाराला मनातल्या मनात लय शिव्या दिल्या.

सातच्या सुमारास कुणी हात न लावता तो घूं निम्म्यावर आला. बरं वाटलं. सहज खिडकीतून पाहिलं, तर आई नळाजवळच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादली रिकामी करायली होती. अनवाणी.

गेल्या आठवड्यात खांबावरून येणारी न्यूट्रल, करंट माघारी नेणारी तार, तुटली, लाइनमन येईना, म्हणून मीच घरातली न्यूट्रल त्याच खड्ड्यातल्या अर्थिंगच्या सळईला जोडली. इथं सगळेच करतात. लाईट मंद झाली की खड्ड्यात पाणी टाक, हेही आईला मीच सांगितलं. म्हणजे घरातला सगळा करंट त्या सळईतून जमिनीत जायलाय, घूं आणि पत्र्याच्या मुंग्या त्याच्याच, आणि ती रोज तिथंच ओल्यात उभी राहायलीय. परवा म्हणाली होती, "पायाला मुंग्या यायल्यात रे." मी म्हणलो, वय झालं तुझं.

मेन स्विच पाडला. घूं थांबला. मोबाईलच्या उजेडात लिहायलोय. तिला अजून सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगू?

बाहेरून तिचा आवाज आला. "लाईट गेली का रं? थांब, आनखी एक बादली वतते."