यंदा एमएससी कोणाची

३ जून
चाळून चाळून दोन कोर्स उरले. दोन्ही एमएससी, दोन्ही घरबसल्या, पार्ट-टाइम. एक कन्व्हर्जन, म्हणजे इतिहास-भूगोल शिकलेल्यांना कॉम्प्युटिंगमध्ये आणणारा. दुसरा मुळात कॉम्प्युटरची डिग्री असलेल्यांसाठी. माझी आहे. नागपूरची बी.ई., वर पुण्यात सात वर्षं टेस्टिंग. आणि मग इथे नॉटिंगहॅममध्ये बारा वर्षं हॉस्पिटलचा अपॉइंटमेंट डेस्क.
अ‍ॅडमिशनवाली बाई फोनवर फार गोड बोलली. इतकी वर्षं फील्डबाहेर आहात, कन्व्हर्जनच बघा. रात्री जेवताना मिलिंदही तेच म्हणाला. "कन्व्हर्जन घे. झेपेल तुला."
झेपेल.

९ जून
दुसराच घेणार. ज्या गोष्टी मी पुण्यात टीममधल्या नव्या पोरांना शिकवल्या, त्या पुन्हा पहिलीपासून गिरवायच्या नाहीत. त्याला एक ऑनलाइन परीक्षा आहे. ट्रॅममध्ये अभ्यास. सगळं गेलं नाहीये डोक्यातून. धूळ बसलीय फक्त.

२१ जून, शनिवार
परीक्षा दिली. ईराच्या खोलीत, कारण वायफाय तिथेच नीट. ती बिचारी दोन तास बाहेर जिन्यात बसली. "आई, कसा गेली पेपर?" पंधरा वर्षांची झाली, मराठीतलं लिंग काही जमत नाही. बरा गेली, म्हटलं.

३० जून
मिळालं. ऑफर आली. डेस्कवरच मेल उघडली, समोर पेशंट उभे. माझी मॅनेजर लॉरेन हिला सांगितलं तर तिने मिठीच मारली. सप्टेंबरपासून शुक्रवार मोकळा देते म्हणाली, बाकी चार दिवस जास्त तास करायचे.
मिलिंद म्हणाला, "अरे वा." फोनवरून मान वर न करता. मग म्हणे, त्याच्या कंपनीत रिस्ट्रक्चरिंग चाललंय. चाळिशीपुढच्यांना विचारतायत, तुम्हाला एआय काय येतं. चेहरा उतरला होता. "तू कोर्सेसचं ते शीट केलंयस ना, पाठव जरा."
पाठवलं. वर तासभर समजावूनही सांगितलं. कुठला चांगला, कुठल्यात नुसता गाजावाजा. बरं वाटलं, खरं सांगायचं तर. कितीतरी वर्षांनी त्याने मला काही विचारलं होतं.

१४ जुलै
घरचा लॅपटॉप उघडला तर त्याची मेल उघडीच. त्यालाही ऑफर. माझ्याच कोर्सची. परीक्षा माफ, अनुभव आहे म्हणून.
विचारलं. म्हणे सांगणारच होतो.

१५ जुलै
काल नीट बोलणं झालं नाही, आज झालं.
"दोघांना एकदम कसं जमेल? ईराचं जीसीएसईचं वर्ष, दहावीच म्हणायची. घरात कुणीतरी पाहिजे ना."
"मग तू थांब."
"माझा जॉब जाईल गं. तुझा डेस्क कुठे पळतोय? एक वर्ष डिफर कर फक्त."
पुण्यातला एम.टेक.चा प्रवेश सोडला तेव्हाही एकच वर्ष होतं. त्याचं ऑनसाइट एक वर्ष, मग परत जाऊ. सोळा झाली.
वाईट म्हणजे तो खोटं बोलत नाहीये. जॉब खरंच जाऊ शकतो.

१९ जुलै
ईराला कळलं. "बाबाने तुझी होमवर्क कॉपी केला?" मी हसले. तो नाही हसला. तिच्यावरच ओरडला, उगाच. नंतर खोलीत जाऊन सॉरी म्हणाला. तिला.

२४ जुलै
त्याच्या कंपनीला अर्ज द्यायचाय, तो कोर्सच्या दिवशी सुट्टी मागण्याचा. "इंग्लिश बघ ना जरा, तुझं चांगलंय." बघितलं. तिसऱ्या परिच्छेदात: घरून पत्नीचा पूर्ण पाठिंबा आहे. तिथे एक स्वल्पविराम चुकला होता. तेवढा दुरुस्त केला. वाक्य ठेवलं. का ठेवलं

२९ जुलै
लॉरेनने विचारलं, शुक्रवारचं नक्की ना, ड्युट्यांचा रोटा लावायचाय. सोमवारी सांगते म्हटलं. ती बघत राहिली. इथली माणसं खोदून विचारत नाहीत. आज विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१ ऑगस्ट
आज पाचपर्यंत उत्तर द्यायचं. हाफ डे घेतला. ईराच्या खोलीत बसले. ऑफरच्या पानावर दोन बटणं, स्वीकारा आणि पुढे ढकला. ढकलायचं तर कारण निवडावं लागतं. आजारपण, घरात मृत्यू, नोकरी, इतर. 'इतर' निवडलं की खाली लिहायला चौकोन येतो. आला. काय लिहू? कुणी मेलेलं नाही. आजारीही नाही.
चार वाजता मिलिंद दारात. आज घरूनच काम करत होता. चहा घेऊन आला, सोळा वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा झालंय.
"झालं का डिफर?"
"बघतेय."
"बघायचं काय त्यात?" आवाज मऊच होता.
कप ठेवून थोडा वेळ उभा राहिला, मग त्याचा कॉल आला, खाली गेला.
पाचला वीस कमी. बराच वेळ काही दाबलं नाही म्हणून स्क्रीनच विचारतोय, तुम्ही अजून आहात का.
'हो' दाबलं. दोन्ही बटणं अजून तिथेच.